भिंतीत बसलेल्या पिना

गुड्रूनने वडिलांना डेन्मार्कमधल्या हॉर्सेन्सला आपल्या घरी आणलं, तेव्हा सामानात त्यांची खुर्ची, रेकॉर्डचे खोके आणि दोन जुने स्पीकर होते. तिचे वडील एब्बे जन्मभर गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेले. आता ते माणसांची नावं विसरत, कधी बाथरूमचं दारही सापडत नसे. पण संगीत लागलं की निवांत बसत. नसलं की कोट चढवून घरभर येरझाऱ्या.

अडचण एकच होती. स्पीकरच्या वायरींना जुन्या पद्धतीचे प्लग होते, एक पिन चपटी, एक गोल. गुड्रूनच्या अँप्लिफायरच्या मागे नुसती गोल भोकं. ती कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, बारीक कामाला घाबरणारी नव्हती. तिने त्या भोकांत बसणाऱ्या सुट्या गोल पिना, बनाना पिना, आणल्या, जुने प्लग कापून टाकले आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला नवी पिन घट्ट कसली. स्पीकर वाजू लागले. एब्बेंनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर फिरू लागली.

"आता कसं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आता निदान जेवण तरी सुखाने होईल," प्रेबेन म्हणाला. तो खवट नव्हता, दमला होता.

त्या रविवारी दोघं स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. एब्बेंना एक स्पीकर खिडकीपाशी हवा होता. त्यांनी पिना उपसल्या, स्पीकर ओढत नेला, आणि पिना कुठून काढल्या तेच विसरले. खिडकीखाली भिंतीत विजेचं जुनं सॉकेट होतं, दोन गोल भोकांचं. पिना त्यात अगदी मापाच्या बसल्या.

स्पीकर गुरासारखा हंबरला. मग घरातली वीजच गेली. गुड्रून धावत आली तर वडील गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हात वर, आणि स्पीकरच्या जाळीतून धूर निघत होता. त्यांना काही झालं नव्हतं.

"बोट धातूला लागलं असतं तर?" प्रेबेन हळू आवाजात म्हणाला.

"त्यांची चूक नाही. त्या पिना मी लावल्या."

"चूक कोणाची ते विचारतोय का मी? उद्या आणखी काही होईल. तू कामावर, मी कामावर. बघणार कोण?"

"तुझे वडील असते तर?"

"तरी हेच म्हणालो असतो. आणि तू माझ्याशी महिनाभर बोलली नसतीस."

तिने कचऱ्याच्या डब्यातून कापलेला प्लग शोधून काढला आणि वाचलेल्या स्पीकरच्या वायरीला पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी जुन्या सामानाच्या दुकानातून त्याच्या जोडीचं सॉकेट आणलं, त्याला वायरीचा तुकडा लावला आणि तुकड्याची उघडी टोकं अँप्लिफायरला स्क्रूने आवळली. हा प्लग भिंतीत जाणं शक्यच नव्हतं. तिने तो सगळ्या खोल्यांमध्ये दाबून दाबून पाहिला.

एकाच बाजूने संगीत आलं. एब्बे मान कलती करून ऐकत राहिले.

"दुसरा मी जाळला ना?"

"जाऊ द्या हो, बाबा."

"काल तुम्ही बोलत होतात ते ऐकलं मी. प्रेबेन बरोबर बोलतो. घरातल्या किती भोकांना बुचं लावशील, पोरी?" ते थांबले. "आपण बघून आलो ती म्हाताऱ्यांची जागा आहे ना, जिथे आपल्याला केक दिला होता. तिथे फोन कर. आज कर. आज मला समजतंय."

"बाबा, नको."

"उद्या मी भांडेन तुझ्याशी. तेव्हा ऐकू नकोस माझं."

आणि खरोखरच ते भांडले. वृद्धाश्रमात खोली मिळेपर्यंत रोज भांडले. तिला कृतघ्न म्हणाले, एकदा हातातला कप फेकला. तिने त्यांचं ऐकलं नाही.

जायच्या दिवशी प्रेबेनने स्पीकर, अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर उचलून नेले आणि गुड्रूनने ते नव्या खोलीत जोडून दिले. एब्बे दाराकडे पाठ करून बसले. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत ती मागे उभी होती, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा प्रेबेन गाडीत स्टीअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होता. तिने त्याला शेजारच्या सीटवर सरकवलं आणि गाडी स्वतः चालवत घरी नेली.