दोष जागेवरच राहिला

मंगळवारी सकाळी फारूक टेम्पोखाली जायचा, तो थोडक्यात वाचला.

हॉर्न त्याला ऐकू आला नव्हता असं नाही. चांगला कर्णकर्कश हॉर्न होता, आणि तो उजवीकडून वाजला असं वाटून फारूक पटकन डावीकडे सरकला. टेम्पो नेमका डावीकडच्या कंपनीच्या गेटमधून मागे मागे येत होता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, काच खाली केली आणि फारूकच्या सात पिढ्यांची आपुलकीनं चौकशी केली.

घरी आल्यावर बायकोनं, शहाजादीनं, उरलेली चौकशी पूर्ण केली. "मी आधीच सांगितलं होतं, साबियाचे अब्बू. रस्त्यानं चालताना कानात काही घालू नका."

"कानात नाही घालत ते. कानावर बसतं," फारूक म्हणाला.

ते खरंच होतं. साबियानं, त्यांच्या लेकीनं, ते इअरबड बघून-बघून आणले होते. बाळीसारखे कानाच्या कडेला चिमटून बसायचे, कानाचं भोक मोकळं राहायचं. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलेलं. जुनी गाणी असल्याशिवाय फारूक चालायचा नाही, आणि निघोज्याच्या रस्त्यावर कंटेनरची रांग तुटत नाही. तिथं कान बंद करून चालणं म्हणजे यमाला आवतणच. म्हणून हे उघड्या कानाचे. गाणंही ऐकू येईल आणि गाडीही. पहिल्या दिवशी फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "भाई, बाळ्या कधी घातल्या?" फारूकनं तेही हसून घेतलं. लेकीनं दिलेल्या होत्या ना.

पण टेम्पोचं प्रकरण झालं आणि त्यानं सगळा दोष इअरबडवर ढकलला. "डावा पीस मार खातोय. आवाजच नाही त्याला."

साबियानं तो पीस स्वतःच्या कानाला लावला. "अब्बू, मला तर छान ऐकू येतंय."

"तुमच्या कंपनीतल्या मशिनींनी तुझे कान गेलेत," फारूक म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! साबियाला वाद घालायला वेळ नव्हता. तिची फर्स्ट शिफ्ट होती. शनिवारी ती पिंपळे सौदागरच्या दुकानात गेली आणि जोडी बदलून घेऊन आली.

कानाच्या बाबतीत फारूकशी कोणी वाद घालत नसे, त्याला कारण होतं. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि एक कॉम्प्रेसर, पण संत तुकाराम नगरपासून गाड्या यायच्या त्या फारूकभाईच्या कानासाठी. बाकीचे मेकॅनिक गाडी खोलून बघतात, हा ऐकून सांगतो. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ डाव्या कानाला, आणि डोळे मिटायचे. अख्ख्या पट्ट्यात त्याचं नाव होतं ते तेवढ्यावर. हल्ली त्या कानात बारीक शीळ वाजायची, तेव्हा तो कॉम्प्रेसरला शिव्या द्यायचा.

रविवारी सकाळी तो नवी जोडी लावून निघाला. गाणं सुरू झालं. उजवीकडे तबला, पेटी, गाणारीचा श्वाससुद्धा. डावीकडे काही नाही, फक्त ती शीळ. 'हाही पीस खराब?' दुकानदाराचा उद्धार करत तो ओढ्याच्या मोरीवर टेकला, आणि त्याला गॅरेजचं काम शिकवणाऱ्या उस्तादांचा धडा आठवला. त्याच धड्यावर त्याची तीस वर्षं निघाली होती. इंजिनाचं एक सिलिंडर पेटत नसेल तर आधी प्लगांची अदलाबदल कर. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला, तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला, तर प्लगाला शिव्या देऊ नकोस. जागा खराब आहे.

हे दोन पीस तर सारखेच होते, कोणत्याही कानाला बसणारे. फारूकनं डावा काढून उजव्या कानाला लावला. ठणठणीत वाजला. उजवा डाव्या कानाला लावला. शीळ.

त्यानं पुन्हा अदलाबदल केली. पुन्हा शीळ. तिसऱ्यांदा करायला त्याचा हात उचलेना.

तो घाबरला. कान गेला तर गॅरेज गेलं, आणि गॅरेज गेलं तर फारूकभाई कोण? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्याला बंद शटर दिसलं, शहाजादीचा चेहरा दिसला, आणि मग शुक्रवार आठवला.

शुक्रवारी अर्जुनराव आले होते. निघोज्याचेच, कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी सतरा सीटांची गाडी त्यांची. "पुढलं डावं चाक जरा घरघरतंय, फारूकभाऊ. आयतवारी पोरीच्या साखरपुड्याला संगमनेरला जायचं हाय समद्यांनी." फारूकनं जॅक लावून चाक उचललं, पेचकस धरला, उजव्या हातानं चाक फिरवलं आणि डाव्या कानानं ऐकलं. अगदी शांत. "बेअरिंग मख्खन आहे. बिनधास्त जा," तो म्हणाला होता. आणि आज रविवार होता. वाटेत चंदनापुरीचा घाट होता.

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. तिसऱ्याला अर्जुनरावांचा आवाज आला. मागं बायकांची गाणी आणि हसणं चाललेलं. "बोला फारूकभाऊ! स्पीकरवर हाय. गाडी चालवतोय. मंचर जवळ आलं."

"अर्जुनराव, गाडी बाजूला घ्या."

"का वो?"

फारूकच्या तोंडातून पटकन निघालं, "चाकाचा नट बहुतेक ढिला राहिला माझ्याकडून."

"हात्तिच्या! पान्हा हाय की. आवळतो आन् जातो म्होरं."

खोटं बोलूनही भागत नव्हतं. नट आवळून ते पुढं गेलेच असते. आणि खरं सांगायचं म्हणजे अर्ध्या निघोज्याला ऐकवायचं, संध्याकाळपर्यंत उरलेल्या अर्ध्याला कळणारच. गाणी चालूच होती. त्यात एक बारीक आवाज होता, अर्जुनरावांच्या नातीचा असावा.

"नट नाही," तो ओरडलाच. "माझा डावा कान गेलाय, अर्जुनराव! शुक्रवारी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी तसंच सांगितलं, मख्खन म्हणून."

गाणी थांबली. मग इंडिकेटरची टकटक ऐकू आली.

"थांबलो," अर्जुनराव म्हणाले. "आता काय करू?"

"सगळ्यांना उतरवा. चाक जॅकवर घ्या, फोन चाकाच्या मध्याला धरा आणि हातानं फिरवा."

फारूकनं इअरबड उजव्या कानाला नीट चिमटवला आणि डोळे मिटले. एक कंटेनर धडधडत गेला, मग दुसरा. मग ऐकू आलं. दाताखाली खडा यावा तसं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, खर्र... खर्र.

"बेअरिंग गेलंय. गाडी इंचभरही हलवू नका. दुसरी मागवा."

"व्हय," अर्जुनराव म्हणाले. "मंचरात मेहुणा हाय माजा, त्याची गाडी मागवतो. ठिवतो आता." रागावले होते की नाही, ते फारूकला कळलं नाही.

घरी जायचं सोडून तो गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसला. शटर उघडलं नाही. साबियाला फोनवर सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अब्बू, तिथंच बसा, मी कानाच्या डॉक्टरांना विचारते."

थोड्या वेळानं शहाजादी आली, चहाचा थर्मास घेऊन. नेहमीसारखी त्याच्या डाव्या बाजूला बसली. फारूक रस्त्याकडे बघत राहिला. मग ती उठली, त्याच्या मागून फिरली आणि उजव्या बाजूला येऊन बसली.

"काही म्हणालीस का?" त्यानं विचारलं.

"दोनदा म्हणाले. डॉक्टर आज रविवार असूनही बघणार आहेत. साबिया रिक्षा घेऊन येतेय."

तिनं कपात चहा ओतला. थोडा पायरीवर सांडला.

"पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "त्या बाजूनं हाक मारली की तुम्ही ओ देत नव्हता. मला वाटलं, माझ्यावरच रागावलात."