पहारा काढला की पडतो

ऑफिसात मी मामाला सर म्हणायचे. घरी ‘मामा, तुला काही कळत नाही’ म्हणणारी मी, इथे ‘सर, तुम्ही पाहिलंत का?’ असं विचारायची. नोकरी त्यानेच सुचवलेली, आणि वशिल्याची भाची म्हणून कुणी बोट दाखवलेलं मला खपलं नसतं. नातं फक्त आमच्या मॅडमना ठाऊक होतं.

काम असं होतं. औषधाच्या कारखान्यातलं यंत्र एकेक गोळी तोलतं. त्या यंत्राशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामनी वापरायचा तयार कोड, मामाने वीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिलेली. तिच्याकडून वजनं घेऊन पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम माझा, पायथॉन भाषेतला. पायथॉन चुकलं तरी सांगून चुकतं, अमुक ओळ, अमुक कारण. पण महिनाभर माझा प्रोग्राम न सांगता कोसळत होता. कधी दहाव्या गोळीला, कधी चारशेव्या. पडद्यावर फक्त ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. म्हणजे कुणीतरी मेमरीत नको तिथे हात घातला. कुणी, ते शोधा आता.

“चार वाजेपर्यंत लेखी दे,” मॅडम म्हणाल्या. “दोष लायब्ररीत असेल तर नवी विकत घेऊ. तुझ्या सरांचा करार या महिनाअखेर संपतोय. मग तो वाढवायचं कारण उरत नाही.”

मामा साठीला टेकलेला. सीशिवाय आपल्याला काही येत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. इथून गेला की घरीच बसणार, हे मला दिसत होतं. पण म्हणून मी डोळेझाक करणार नव्हते. उलट घरचा माणूस म्हणून दुप्पट तपासणार होते.

आणि त्याचं वागणं तरी सरळ कुठे होतं? त्याने स्वतःचा छोटा चाचणी प्रोग्राम दिवसभर चालवून दाखवला. “बघ, माझ्याकडे पडत नाही.” सोमवारी मी मागून गेले तर त्याने घाईघाईने एक फाइल बंद केली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वर तीनदा म्हणाला, “तुझा भाग दाखव ना मला.” स्वतःचं झाकायला दुसऱ्याचं उकरायची ही जुनी युक्ती. मी नाही दाखवला.

शेवटी मी पहारा बसवला. लायब्ररीच्या हातात जे जे देईन ते ते एका यादीत ठेवायचं, म्हणजे ती कशाची वाट लावते ते सापडेल. यादी लावली आणि प्रोग्राम अख्खी सकाळ चालला. काढली, अकराव्या मिनिटाला पडला. पुन्हा लावली, चालला. कुणी बघतंय हे त्या लायब्ररीला कळत होतं! पाणी कुठे मुरतंय ते माझ्या लक्षात आलं. करार संपत आला की लायब्ररी आजारी पडते, मग दुरुस्तीला वैद्य कोण लागणार? मामाच. साडेतीनला मी रिपोर्ट पाठवला. दोष लायब्ररीत आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला असू शकतो, असं लिहून.

पाच मिनिटांत मामा टेबलाशी आला. “पाठवलंस?”

“हो, सर.”

“मग आता तरी दाखव.”

आता काय बिघडणार होतं! मी खुर्ची सरकवली. तो नाकावर चष्मा चढवून वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला.

“वजन आलं की तुझ्या या फंक्शनला हाक मारायची, असं तू माझ्या लायब्ररीला सांगतेस. पण तुझ्या बाजूने हे फंक्शन कुणी धरून ठेवलंय?”

कुणीच नाही. पायथॉनला टापटीप भारी. आपल्या घरात ज्याला कुणी धरलेलं नाही, ते ते केरात टाकतं. पलीकडे सीने काय धरलंय ते त्याला दिसत नाही. मी फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, लायब्ररीला दिलं आणि इकडून सोडलं, पायथॉनने ते टाकून दिलं. त्या जागेत दुसरं काही येईपर्यंत निभावायचं. मग लायब्ररी बिचारी जुन्या जागी हाक मारायची आणि सगळं कोसळायचं. यादी लावली की फंक्शन यादीत शाबूत राहायचं. माझ्या पहाऱ्याने माझीच चूक झाकली होती.

“सोमवारी फाइल का बंद केलीस?” मी विचारलं. सर म्हणायचं राहूनच गेलं.

“बायोडेटा होता. भाचीला कशाला दाखवायचा या वयात?”

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तशीच मॅडमच्या केबिनमध्ये घुसले.

“मॅडम, चूक माझी आहे. लायब्ररी ठीक आहे. फंक्शन धरून ठेवणारी एक ओळ घातली की चालतं, चला, दाखवते.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“मामाने.”

मॅडम म्हणाल्या, “तुझा रिपोर्ट मी लगेच का मानला, माहितीये? स्वतःच्या मामाविरुद्ध कुणी उगाच लिहीत नाही म्हणून. आणि अर्ध्या तासात तू त्यांना सोडवायला आलीस.”

“चालवून बघा ना एकदा!”

“प्रोग्राम तुझा, ओळ तुझी. तू चालवलास तर चालेलच की. नको, बाहेरचा माणूस बोलावते. तोपर्यंत तुम्ही दोघंही मशीनला हात लावू नका.”

“कधी येईल तो?”

“पुढच्या महिन्यात.”

मी बाहेर आले. मामा अजून माझ्याच खुर्चीत होता. ती एक ओळ त्याने घालून ठेवली होती आणि पडद्यावर वजनं सुरळीत येत होती.

“पटलं ना त्यांना?” त्याने विचारलं.