दुसरा आकडा कुणाचा?

"पहिला आकडा तुमचा, दुसरा वरचा."

अंकगुरूंनी दोन्ही हात छताकडे नेले आणि अख्खं सभागृह चिडीचूप झालं. खुर्च्या कधीच संपल्या होत्या. माणसं भिंतीला टेकून, पायऱ्यांवर दाटीवाटीने, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून मंचाकडे बघत होती. मंचावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली एक मुलगी उभी होती. पट्टी तिच्या चेहऱ्याला इतकी मोठी होती की फक्त हनुवटी दिसत होती.

"त्रेसष्ट," मागून कुणीतरी ओरडलं.

अंकगुरूंनी डोळे मिटले. पलीकडून कुणी फोनवर पत्ता सांगत असावं तसं "हं... हं..." केलं आणि म्हणाले, "सदुसष्ट. वरून सदुसष्ट आलाय."

मुलीची हनुवटी जराशी हलली. "चार हजार दोनशे एकवीस."

सगळ्यांनी मोबाइल काढले, बोटं चालली, आणि पुढच्याच क्षणी टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या शेजारी बसलेल्या बेकरीवाल्याने डोळे पुसले. मी नाही पुसले. ती मुलगी माझी सख्खी भाची होती, आणि घरी सतराचा पाढा म्हणताना तिला घाम फुटतो हे मला पक्कं माहीत होतं.

मी शाळेत गणित शिकवतो. परीक्षेच्या वर्गांवर पहारा देण्यात माझा जन्म गेलाय. मोज्यातली कॉपी, पट्टीमागची कॉपी, डब्याच्या झाकणात चिकटवलेली कॉपी, सगळं पकडलंय. माझी धाकटी बहीण म्हणते, "दादा, तुला देव भेटला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील." मागीन की. का मागू नये?

पण या वेळी गोष्ट माझ्या स्वभावाची नव्हती. माझ्या भाचीला, मुंगीला, फिट येतात. लहानखुरी आणि सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. गोळ्या सुरू झाल्यापासून फिट थांबल्या होत्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, अचानक तर मुळीच नाहीत. आणि अंकगुरू सांगत होते की फिट म्हणजे आजारच नव्हे.

"ती शक्ती दार ठोठावतेय, बाळांनो," ते माइकवर म्हणायचे. आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला डुलकी लागावी. "आणि आपण काय करतो? गोळी देतो. म्हणजे दाराला कुलूप घालतो." रविवारी दीक्षा होती. ज्या मुलांना दीक्षा, त्यांच्या आईबापांनी औषधं मंचावरच्या पेटीत टाकायची, हा नियम.

बहीण लाँड्रीत इस्त्रीला उभी असते. मेहुणे जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येतात. मुंगीचं सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. मी समजवायला गेलो तेव्हा तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "शाळेत तिच्या शेजारी कुणी बसत नाही, माहितीये तुला? पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की हिच्यात खोट नाही, हिच्यात काहीतरी जास्तीचं आहे. आणि तुला त्यातही खोड काढायचीये."

तिचं दुखणं खरं होतं. त्यावर मिळालेला उपाय तेवढा खोटा असावा, असं मला वाटत होतं. पण नुसतं वाटून काय उपयोग?

मग मी माझ्या पद्धतीने तपास सुरू केला. पहिला संशय कानावर. पट्टीखाली इअरफोन असणार. मुंगीची वेणी घालून देतो म्हणून बसलो आणि दोन्ही कान नीट बघितले. काही नाही, वर वेणी वाकडी झाली म्हणून बोलणी खाल्ली. दुसरा संशय अंकगुरूंच्या मदतनीसावर. तो सारखा खोकायचा. खोकल्यात खूण असणार, असं धरून मी एका अख्ख्या कार्यक्रमात त्याचे खोकले मोजत बसलो. नंतर तो बिचारा दवाखान्याच्या रांगेत भेटला. त्याला खरोखरच खोकला होता.

तिसरा संशय, आकडे सांगणारी माणसं त्यांचीच. म्हणून पुढच्या बैठकीला मीच हात वर केला. "एकाहत्तर."

अंकगुरूंनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. असं कुणी प्रेमाने बघितलं की मी आधी खिसा चाचपतो. "एकोणऐंशी," ते म्हणाले.

"पाच हजार सहाशे नऊ," मुंगी म्हणाली.

मी मांडून बघितलं. बरोबर होतं. थोबाडीत बसल्यासारखा मी खाली बसलो. बहीण माझ्याकडे वळून नुसती हसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुंगीलाच विचारावं म्हणून एका दुपारी तिला जवळ बसवलं. "मुंगे, तुला कसं येतं गं हे?"

तिने लगेच ओठ आत घेतले. "सांगायचं नाही."

"मामालासुद्धा?"

"कुणालाच नाही." आणि उठून भांडी जागेवर ठेवायला गेली, तीही न सांगता. मला ते अजिबात आवडलं नाही. मी अनेक मुलं कॉपी लपवताना बघितलीत. त्यांच्या तोंडावर लबाडी असते. हिच्या तोंडावर भीती होती.

उलगडा झाला तो शिक्षकांच्या खोलीत, मी चाचणीचा पेपर काढत असताना. अपूर्णांकांचं गणित घालत होतो. उत्तरात भलतीच शेपटी यायला लागली, म्हणून सवयीने एक आकडा खोडला आणि सोयीचा घातला. उत्तर कसं गोड आलं. आणि पेन तसंच हातात राहिलं.

गणित घालणारा काय करतो? उत्तर सरळ यावं म्हणून आकडे निवडतो. मीच वर्षानुवर्षं करतोय. एकाहत्तर माझे होते, कबूल. पण एकोणऐंशी कुणी निवडले होते?

मला आठवत होत्या त्या जोड्या पेपरच्याच कोपऱ्यात लिहिल्या. एकाहत्तर आणि एकोणऐंशी. त्रेसष्ट आणि सदुसष्ट. अठ्ठेचाळीस आणि बेचाळीस. आणि कुणी तीन आकडी संख्या दिली की दर वेळी नऊशे नव्व्याण्णव. कपाळावर हात मारायची पाळी आली. मी या माणसाला कान, खोकले, माणसं यांत शोधत होतो, आणि तो भर मंचावर, माइकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं फसवत होता. सभागृहातल्या प्रत्येकाने उत्तर तपासलं होतं. प्रश्न कुणीच तपासला नव्हता. मीसुद्धा नाही, गणिताचा मास्तर असून.

तसाच लाँड्रीत गेलो आणि बहिणीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कॉलरवरून इस्त्री फिरवली आणि म्हणाली, "तू कागदावर काहीही सिद्ध करशील, दादा. त्यांच्यासमोर कर. तिथे खरं ठरलं तर बघू."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर औषधांची पेटी, तिला फुलं लावलेली. बहीण पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. गोळ्यांचं पाकीट त्या पर्सच्या आत होतं. मुंगी पट्टी बांधून उभी. तिला बघून मला क्षणभर वाटलं, नकोच हे. चारचौघांत पोर तोंडघशी पडेल. पण पेटीचं झाकण उघडं होतं.

"पहिला आकडा तुमचा, दुसरा वरचा," अंकगुरूंनी सुरुवात केली.

"चौऱ्याऐंशी," बेकरीवाला म्हणाला.

अंकगुरूंनी डोळे मिटले, "हं..." म्हणाले, तेवढ्यात मी उभा राहिलो. "थांबा. वरून काय येणार ते मी सांगतो. शहाऐंशी."

वर्गात बेंच पडल्यावर होते तशी शांतता पसरली. अंकगुरूंनी डोळे उघडले. शहाऐंशी म्हणावं तर माझं खरं होतं, आणि म्हणू नये तर पुढचं अवघड होतं. "सदतीस," ते घाईघाईने म्हणाले. "आज सदतीस आलाय."

मुंगीची हनुवटी हलली, थांबली. पुन्हा हलली. लोक वाट बघत राहिले. पट्टीखालून एक ओघळ गालावर आला.

"तिला उत्तर येणार नाही," मी म्हणालो, "आणि त्यात तिची काही चूक नाही. जे शिकवलं ते ती चोख करते. हे शिकवलंच नाही. बेकरीवाले काका, तुम्ही उभे राहा. चौऱ्याऐंशी आणि शहाऐंशी. दोन्हींच्या डावीकडे आठ. आठच्या पुढचा आकडा?"

"नऊ."

"आठ नव्वे?"

"बहात्तर."

"आता उजवीकडचे. चार आणि सहा. त्यांची बेरीज दहा आहे, तेवढं लक्षात ठेवा. चार सक?"

"चोवीस."

"बहात्तरच्या पुढे चोवीस लावा."

"सात हजार... दोनशे चोवीस." त्याने मोबाइलवर बघितलं आणि गोंधळून आजूबाजूला बघितलं. "मास्तर, मलाही शक्ती आली की काय?"

लोक हसले. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "एकतीस आणि एकोणचाळीस, बाराशे नऊ. आलं की मला." मग कोपऱ्याकोपऱ्यांतून उत्तरं येऊ लागली. मी सांगत होतो, "डावे आकडे सारखे, उजव्यांची बेरीज दहा, एवढी अट पाळली की कुणालाही जमतं. पहिला आकडा तुमचा, पण अट जुळवणारा दुसरा कायम यांचा. तुम्ही तीन आकडी संख्या दिलीत की वरून दर वेळी नऊशे नव्व्याण्णवच येतं, कारण त्याचीही अशीच सोपी युक्ती आहे. युक्ती चांगली आहे. मी उद्या वर्गात शिकवणार आहे, पट्टी न बांधता."

अंकगुरूंचा मऊ आवाज पहिल्यांदा फाटला. "या मुलीने गुपित फोडलं," ते मुंगीकडे बोट दाखवून म्हणाले. "शपथ मोडली. आता जे होईल ते तिने भोगावं."

मुंगीने पट्टी ओरबाडून काढली आणि मंचावरून उडी मारून थेट आईच्या कमरेला मिठी मारली. "मी नाही सांगितलं, आई. मामाला पण नाही सांगितलं. तुला काही होणार नाही ना?"

"मला? मला काय होणार?"

"ते म्हणाले होते, सांगितलं की आई मरते."

माझ्या बहिणीचा चेहरा मी तेव्हा बघितला. गणिताने तिला किती पटलं होतं, मला सांगता येणार नाही. हे मात्र पटलं. एवढे दिवस ही चिमुरडी मंचावर कशाच्या जोरावर उभी होती, ते तिला कळलं. तिने मुंगीचे डोळे पदराने पुसले आणि अंकगुरूंकडे बघत म्हणाली, "माझ्या पोरीला तुम्ही रोज ही भीती घालून उभी करत होतात? हिच्यात जास्तीचं आहे म्हणालात. ते आहेच. ते तुमचं नाही."

मग तिने पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट काढलं, पाण्याची बाटली काढली, आणि मंचावर जाऊन पेटीसमोर सकाळी द्यायची राहिलेली गोळी मुंगीला दिली. आधीच औषध टाकून बसलेला एक बाप तिच्या मागून पेटीपर्यंत आला. त्याने पेटीत हात घातला आणि आपल्या मुलाची बाटली परत काढून घेतली. त्याच्यामागून आणखी काही जण पुढे आले.

वाचकांना हात जोडून एवढंच सांगायचंय. चमत्कार दिसला की उत्तर बरोबर आहे का, एवढंच बघून टाळ्या वाजवू नका. प्रश्न कुणी निवडला ते विचारा. दोन्ही आकडे स्वतः द्या आणि मग काय होतं ते बघा. आणि कुणी तुमचं औषध मागितलं, किंवा लेकराला गप्प राहायची शपथ घातली, तर पुढचं काही न ऐकता उठा आणि डॉक्टरांकडे जा.

घरी जाताना मुंगी आम्हा दोघांच्या मधून चालत होती. मग म्हणाली, "मामा, दोन आकडे दे. दोन्ही तूच दे."

मी तेवीस आणि चौदा दिले. ती पुटपुटत राहिली, बोटं मोजली, रस्ता ओलांडताना विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "तीनशे बारा."

"चुकलं," मी म्हणालो.

तिने घाबरून आईकडे बघितलं. आई तिथेच होती, पर्स खांद्याला, चालता चालता तिची सुटलेली वेणी एका हाताने सावरत.

"मग थांब," मुंगी म्हणाली, "परत करते."