तेलाचा डबा आणि मिल्ट्रीचा भोंगा

मनकर्णाबाईनं दिराच्या कानाखाली खाडकन वाजवली ती जीपच्या नाकावरून!

जीपला कुठं नाक असतं, असं म्हणू नका. असतं. इंजिन डिझेल पितं तशी हवाही ओढतं, आणि ज्या तोंडातून ओढतं तिथं चांगली गाळणी नसली की रस्त्यावरचा फुफाटा सरळ आत घुसतो आणि इंजिनाला कानशीसारखा खातो. कापसाच्या दिवसांत तळेगाव ते आर्वी रस्त्यावर नुसता फुफाटाच असतो. पुढं कापसानं लादलेल्या बैलगाड्यांची रांग, मागं धुळीची भिंत, आणि त्या भिंतीत ठोकर खात चाललेली मनकर्णाबाईची जीप. आत कोंबलेली माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, एखादी बकरीसुद्धा.

जीप तिच्या नवऱ्यानं, नानाजीनं, धाकट्या भावाच्या भागीदारीत घेतलेली. नानाजी वारला त्याला दोन पावसाळे झाले होते. त्याच्या वेळी जीपला कागदाची गाळणी होती. ती तुंबली की तो झटकायचा आणि पुन्हा बसवायचा. झटकून झटकून ती फाटली, इंजिन धुळीनं भरलं आणि सगळं उघडून नवं करावं लागलं. पुन्हा तसं झालं तर जीप भंगारातच जाणार होती. आणि जीप गेली असती तर मनकर्णाबाईचं काय उरलं असतं? दिराच्या घरची भाकर आणि दिराच्या घरचे बोल. जीप तिचा भाऊ रूपराव चालवायचा, आणि रूपरावला ताप आला की ती स्वतः. हो, स्वतः! लुगड्याचा काष्टा घट्ट करायची आणि बसायची. पोरीबाळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघायच्या, आणि म्हातारे तोंड फिरवायचे.

कागद नको, एवढ्यावर दीर-भावजयीचं एकमत होतं. भांडण पुढं होतं.

मनकर्णाबाईला पाहिजे होता तेलाचा डबा. त्याच्या तळाशी तेल असतं, हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात चिकटते आणि स्वच्छ हवा पुढं जाते. आठवड्यानं डबा काढायचा, डिझेलनं धुवायचा, आत जी रेघ आहे तिथपर्यंत नवं तेल भरायचं. काम अंगणात बसून होतं, भांडी घासल्यासारखं.

दिरानं, डोमाजीनं, आणला होता भोंगा. पुलगावकडच्या कोण्या भंगारवाल्याकडून उचललेला, मिल्ट्रीच्या गाडीचा. मनगटाएवढा लोखंडी पाइप, बॉनेटच्या बाजूनं निघून टपाच्याही वर जाणारा, टोकाला टोपी आणि टोपीला तारेची जाळी.

"मिल्ट्रीच्या गाड्या तोफेच्या धुरातून जातेत, वहिनी! हवा वरून घ्याची. तिथं धूळच नाई."

"तुमच्या जाळीतून चिमणी जाईन, भाऊजी. धुळीले काय अडवते ते?"

"तुले काय समजते त्यातलं? अगोदर माह्या भावाले खाल्लं, आता इंजिन खाशीन!"

तेव्हा वाजवली. भर चौकात, वासुदेवरावच्या चहाच्या हॉटेलासमोर. डोमाजीची टोपी उडून भज्यांच्या कढईशेजारी पडली. तो उठला आणि त्यानं भावजयीच्या पोटात लाथ घातली. ती बाकावर आदळली, बाक मोडला, आणि ती मोडक्या बाकाची फळी घेऊनच उठली. माणसं मधे पडली नसती तर त्याच दिवशी कोणीतरी गेलं असतं.

वासुदेवराव हॉटेलवाला वजनदार माणूस. चौकात त्याचा शब्द चालायचा. "तोडून टाका एकमेकांले," तो म्हणाला, "पण माहे बाक नोका तोडू. बोंड लावा. बोंड खोटं बोलत नाई."

बोंड लावणं ही इकडची रीत. कापूस भरण्याआधी गाडीवान गाडीचं बूड कापसाच्या पांढऱ्या पुंजक्यानं पुसून पाहतात. पुंजका मळला तर गाडी पुन्हा धुवायची, कारण डागी कापूस जिनवाला घेत नाही. तसंच इथं करायचं ठरलं. आधी भोंगा लावून नाल्यापर्यंत गाड्यांच्या मागं जाऊन यायचं, मग डबा लावून. दोन्ही वेळा इंजिनाच्या तोंडातून आतून पुंजका फिरवायचा. ज्याचा मळेल त्यानं जीपवरचा हक्क सोडायचा. डोमाजीनं तिथंच देवाची आण घेतली. मनकर्णाबाईनंही घेतली, ओठावरचं रक्त पुसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा बसला. काय रुबाब होता त्याचा! डोमाजी मिशीला पीळ देत शेजारी बसला आणि रूपरावनं जीप गाड्यांच्या मागं घातली. परत आले तेव्हा सगळ्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. रूपरावनं पाइप सोडवला, आत पुंजका फिरवला आणि बाहेर काढला.

मातीचा गोळा! कापूस कुठं ते शोधावं लागलं असतं.

"तुह्या हाताचीच घाण होती!" डोमाजी ओरडला.

"हात धुतला ना तुमच्यासमोर, डोमाभाऊ. आता काऊन..."

रूपरावचं वाक्य पुरं झालं नाही. डोमाजीनं जॅकची लोखंडी दांडी उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. काडकन आवाज झाला, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. दुसरा घाव डोक्यावर येत होता तो वासुदेवरावनं अडवला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. दोन गाडीवानांनी डोमाजीला खाली पाडून त्याच्या छातीवर गुडघे रोवले, तेव्हा कुठं दांडी सुटली.

मनकर्णाबाईनं पदर फाडून भावाचा हात गळ्यात बांधला. तरी एका हातानं त्यानं तेलाचा डबा बसवून दिला. "बाई, आता तूच चालवजो," तो म्हणाला.

आणि सगळे त्याच्या हाताभोवती असताना डोमाजी काय करत होता? मनकर्णाबाईला ते पुढं कळलं, पण आपण आत्ताच सांगून टाकू. त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि आख्खा टिन तेलाचा आत ओतला, रेघेच्याही वर, अगदी काठापर्यंत. दिव्यात तेल जास्त झालं की वात बुडते आणि दिवा विझतो, एवढं त्याला घरातल्या देवळीवरून माहीत होतं. इंजिनही तसंच बुडेल, बंद पडेल, वहिनी भर रस्त्यात हरेल! मग झाकण लावून, रिकामा टिन सीटखाली सारून तो गुपचूप मागच्या सीटवर वासुदेवरावशेजारी जाऊन बसला.

पण डिझेलचं इंजिन म्हणजे दिवा नव्हे. त्याला तेल पाजलं तर ते तेलावरच चालतं.

नाल्याच्या अलीकडं सुरुवात झाली. मनकर्णाबाईनं पाय उचलला तरी जीप पळतच राहिली. पुढं महादेवराव नावाच्या गाडीवानाची कापसाची गाडी होती. तिनं ब्रेकवर उभं राहून गिअर काढला. जीप गाडीला घासून थांबली, पण इंजिन थांबलं नाही. ते ओरडायला लागलं. गुरगुर नाही, घरघर नाही, किंकाळी! मागून निळा-पांढरा धूर असा सुटला की सूर्य दिसेना. बैल बिथरले, गाडी रस्त्याकडेच्या खंतीत उलटली, जू मोडलं आणि महादेवराव दगडावर डोकं आपटून कापसाखाली गेला. पांढऱ्या कापसात लाल डाग पसरताना तिनं डोळ्यांनी पाहिला.

"बंद कर, बाई!" शेजारच्या सीटवरून रूपराव ओरडला.

तिनं बंद करायची तार ओढली. तार हातात आली. काही फरक नाही.

"तेल पिऊन राह्यली ते! हवा तोड! हवा तोड, नाई तं फुटते!"

मनकर्णाबाईनं उडी मारली आणि बॉनेट उघडलं. आतून आग ओकावी तशी गरम वाफ तोंडावर आली. इतक्यात डोमाजीही धावत आला. जीप त्यालाही हवीच होती ना! गळ्यातला गमछा पाइपच्या तोंडात कोंबावा म्हणून तो वाकला, आणि गमछ्याचं टोक पंख्यात गेलं.

पंख्यानं ओढलं. एका झटक्यात त्याचं तोंड रेडिएटरच्या कडेवर आपटलं, नाकाचा चेंदा झाला, आणि गमछा गळ्याभोवती आवळत त्याला पात्यांकडं ओढू लागला. डोळे बाहेर आले. आवाज फुटेना. हातानं नुसता पत्रा बडवत होता.

क्षणभर, फक्त एक क्षणभर, मनकर्णाबाई उभी राहिली. पोटावर लाथेचा निळा वळ होता. भावाचं मनगट मोडलं होतं. काही करायची गरजच नव्हती, पंखा करत होता.

मग तिनं लाथ घातली. डब्याला! पहिल्या लाथेत क्लिप तुटली, दुसऱ्या लाथेत डबा उडाला आणि उकळतं तेल तिच्या पिंढरीवर सांडलं. पायातली टायरची चप्पल काढून तिनं इंजिनाच्या उघड्या तोंडावर थापली आणि दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानं दाबून धरली. इंजिननं चप्पल आत ओढली. एकदा धडपडलं, दुसऱ्यांदा हिसका दिला, आणि मेलं.

इतकी शांतता झाली की खंतीतल्या बैलाचा श्वास ऐकू आला.

वासुदेवरावनं उलटलेल्या गाडीतल्या विळ्यानं गमछा कापला. डोमाजी धुळीत पडून रक्त आणि दात थुंकत होता. मनकर्णाबाईनं चप्पल ओढून सोडवली आणि त्याच चपलेनं त्याला बडवला. पाठीत, खांद्यावर, जिथं बसेल तिथं. कोणी मधे पडलं नाही. महादेवराव कापसातून निघाला, कपाळ फुटलेलं, आणि त्यानंही बैल हाकायच्या तुतारीच्या दांड्यानं दोन घातले, मोडलेल्या जुवाचे.

तरी डोमाजीची जीभ वळवळलीच! "बोंड लावा," तो फुटक्या तोंडानं म्हणाला. "आता तिचंही बोंड काळंच निघते. जीप माही."

वासुदेवराव मागच्या सीटखालून तेलाचा रिकामा टिन घेऊन आला आणि त्याच्या समोर आपटला. "तिचं काऊन लावाचं? तुहं सकाळीच मळलं ना, डोमाजी. आण कोणी घेतली होती? तिथंच संपलं."

डोमाजीनं आजूबाजूला पाहिलं. गाडीवान उभे होते, आणि एकही त्याच्या बाजूचा नव्हता.

महादेवरावच्या सांडलेल्या कापसानं मनकर्णाबाईनं इंजिनाचं तोंड आतून पुसलं. किती तरी पुंजके काळे झाले. मग तिनं चेपलेला डबा ठोकून सरळ केला, जास्तीचं तेल ओतून दिलं, रेघेपर्यंतच ठेवलं, आणि तुटक्या क्लिपच्या जागी तार आवळली. चावी फिरवली. जीप खोकली, काळा धूर टाकला आणि सुरू झाली.

रूपरावला तिनं शेजारी बसवलं, महादेवरावला कडेला.

"मी?" डोमाजी म्हणाला. नाकातून रक्ताची धार हनुवटीवर आली होती.

"आर्वीले दवाखान्यात जाचं हाये ना? मागं बस," मनकर्णाबाई म्हणाली. "समोर मालकाची जागा हाये."

तो मागं चढला. तिनं क्लच दाबला, भाजलेला पाय कळवळला, आणि जीप गाड्यांच्या मागं धुळीत शिरली.