जाफर यांचे अर्धा लिटर पाणी

बुधवार, २१ जानेवारी २०२६, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. ओमानमधल्या बौशरच्या एका रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात, प्रतीक्षागृहात माणसे सात, पाण्याची बाटली एक, आणि ती बाटली रिकामी.

बाटली रिकामी, म्हणजे जाफर यांचे मूत्राशय भरलेले असायला हवे होते. सत्तरीचे हे मासेमार मुसंदमच्या डोंगरामागील, केवळ होडीनेच पोहोचता येणाऱ्या वाडीतून प्रोस्टेटच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आले होते. मूत्राशय भरलेले असले की आतडी किरणांच्या वाटेतून दूर राहतात, म्हणून तासभर आधी अर्धा लिटर पाणी पिण्याचा नियम. उपचाराचा आराखडा पुण्यातल्या रुग्णालयाने केला होता. रोज यंत्रावर घेतलेली प्रतिमा तिथली तज्ज्ञ विशाखा पडद्यावर तपासून होकार देई, आणि मगच तंत्रज्ञ कृष्णकांत परुळेकर बौशरमध्ये यंत्र सुरू करीत.

सोमवारी विशाखाने नकार दिला. मंगळवारीही.

"काका, हे ब्लॅडर नाही, वाळलेलं कोकम आहे," ती म्हणाली. "उद्या तिसरा खाडा पडला, तर आराखडा नव्यानं करावा लागेल. आठवडा जाईल."

आठवडा थांबायला जाफर तयार नव्हते. मुंबईच्या खलाशांकडून उचललेल्या हिंदीत त्यांनी बजावले होते, "सदीक, मित्रा, पुन्हा 'उद्या या' म्हणालास तर खलास. मी होडीत. मासेसुद्धा मला 'उद्या या' म्हणत नाहीत."

वीसपैकी अकरा सेशने झाली होती. माणूस अर्ध्यावर निघून जाणार, या विचाराने कृष्णकांतांची झोप उडाली. तंत्रनिकेतनात शिकल्याप्रमाणे त्यांनी दोष सर्वांत स्वस्त भागापासून शोधायला घेतला. बुधवारी सकाळी येताच बाटली भरून टिपकागदावर अर्धा तास उलटी टांगून पाहिली. गळती शून्य. मग पाणी जात होते कुठे?

उत्तर स्वच्छतागृहातून बाहेर आले. प्रेमा सासूबाईंना उपचारांसाठी अल मवालेहहून रोज घेऊन येत असे. सकाळपासून ही तिची तिसरी फेरी होती.

"काका, आजोबांना आवरा हो! सोमवारपासून आमची वेळ त्यांच्याबरोबर आली, तेव्हापासून तीन दिवस पाणी पाजतायत. कप रिकामा झाला की भरलाच."

"नको म्हणायचं."

"दहा वेळा म्हटलं! हसतात आणि ओततात."

"माझे आज नऊ झाले, साहेब," पहारेकरी मुजम्मिल पायाला पाय घट्ट लावून म्हणाला. "आणि जागा सोडायची परवानगी नाही."

ओमानी माणसाच्या कपाला 'नको' ऐकू येत नाही. रिकामा कप हाताने हलवावा लागतो. बावीस वर्षांत हे कृष्णकांतांना पाठ झाले होते. प्रतीक्षागृहातील बाकी सहाजणांना कोणीच सांगितले नव्हते.

"जाफरभाई, ते पाणी तुमच्यासाठी होतं!"

"माणसं बसलेली असताना एकट्यानंच प्यायचं? मी काय उंट आहे?"

रीत मोडणे शक्य नव्हते. कृष्णकांतांनी विशाखाकडून अकराची वेळ मागून घेतली, दोन नव्या बाटल्या आणि कॉफीचे इवलेसे कप आणले आणि समोर बसले.

"आज यजमान मी."

जाफर सावरून बसले. तीन कप प्यायले आणि कप हलवला. "पुरे. रीत तीनची आहे."

"आमच्या वेंगुर्ल्यात तीन म्हणजे नुसती सुरुवात. हा माझ्या आईच्या नावानं."

"आईला नाही कसं म्हणू? पण यजमानही घेईल."

म्हणून कृष्णकांतही प्याले. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याचा सगळा निर्दयपणा त्यांच्या हातात उतरला. आई झाली, बायको झाली, तिन्ही मावश्या झाल्या. नातेवाईक संपल्यावर हेडमास्तर आणि पोस्टमनही कामी आले. जाफर यांचे सतरा कप झाले, कृष्णकांतांचे चौदा.

अकरा वाजता जाफर यंत्राखाली निवांत पडले. बाहेर कृष्णकांत नियंत्रण-पडद्यासमोर एका पायावर उभे होते.

"काका, कॅमेरा हलतोय," पुण्याहून विशाखा म्हणाली.

"कॅमेरा नाही, मी हलतोय. लवकर बघ."

"तीनशे दहा मिलिलिटर! सुरेख. पण आतड्याची एक कड नीट दिसत नाही. पुन्हा प्रतिमा घ्याल?"

कृष्णकांतांनी डोळे मिटले. एक 'चालेल' म्हटले असते, तर पोरीने कदाचित ऐकलेही असते. पण कड न पाहता किरण सोडणे त्यांच्या हाताला जमण्यासारखे नव्हते. त्यांनी पाय बदलला आणि प्रतिमा पुन्हा घेतली.

"आता ठीक आहे. द्या."

"यल्ला! चला!" कृष्णकांत इतक्या जोराने ओरडले की आत जाफर यांनी पडल्यापडल्या 'इन्शाल्ला' म्हणून उत्तर दिले.

चार मिनिटांनी दोघे स्वच्छतागृहाच्या दारात एकाच वेळी पोहोचले.

"तुम्ही पाहुणे. आधी तुम्ही."

"तू यजमान. तुझ्या घरात तुझ्याआधी? छे!"

"जाफरभाई, हात जोडतो, जा!"

"आईची शपथ, आधी तू!"

आग्रह कोणाचा सरस, याचा निकाल लागण्याआधीच मुजम्मिलने पहारा सोडला आणि दोघांच्या मधून आत शिरून कडी लावली.

उपचार २ फेब्रुवारीला संपले. एकूण सेशने वीस; पूर्ण झाली वीस.