मोहल्ल्याची पाळी

नागपूरच्या सरकारनं लोकल बोर्डाची निवडणूक लावली आणि जानेफळचे वामनराव उभे राहिले. माणूस एकदा उभा राहिला की त्याला गावात माणसं दिसेनाशी होतात, नुसते गठ्ठे दिसतात. मुसलमानांच्या मोहल्ल्यातली पाच-सात मतं त्यांनी मनातल्या मनात परस्पर विरोधकाच्या, अर्जुनरावांच्या, पदरात टाकून दिली. "मशिदीत ठरते त्यायचं," ते म्हणत. कुणी विचारायला गेलं होतं का? छे!

मत द्यायला मेहकरला जावं लागे. आदल्या दिवशी वामनराव स्वतः मोहल्ल्यात गेले आणि फकीर मोहम्मद पिंजाऱ्याला म्हणाले, "चाचा, उद्या तिथं लय गर्दी हाय. तुमची पाळी परवा ठेवली. मी बैलबंड्या धाडतो."

मतदान फक्त उद्या, एकाच दिवशी होतं. पण चाचानं मान डोलावली. वामनरावांवर त्यानं शंका कशाला घ्यावी? वामनराव लहानपणी जगावेत म्हणून त्यांच्या आईनं त्यांना मोहरमात सवारीचा फकीर करायचा नवस बोलला होता, आणि गळ्यात हिरवा धागा बांधला होता तो चाचाच्या बापानं.

मतदान पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव ओट्यावर येतात तो मोहल्ल्यातले सगळे मतदार धुतलेले कपडे घालून उभे. बंड्यांची वाट पाहून स्वतःच आले होते. पुढं चाचा, हातात रुमालात बांधलेली शिरणी.

"दर्ग्यावर चढवली, तुमच्यासाठी. आमच्या सवारीचा फकीर बोर्डात बसला पाह्यजे. अर्जुनरावाची मानसं आधीच मत मांगाले आलती, त्याइले वापस धाडलं."

 वामनरावांचे लाजेनं कान तापले. खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण मागं गडीमाणसं होती, दारात बायको होती.

"चाचा, मत त कालच झालं," ते खाली पाहत म्हणाले. "धावपळीत माह्याच ध्यानात राह्यलं नाही."

 चाचानंच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या भाऊ. मानूस विसरते. तुमी काऊन लाजता? आमीच पुन्हा विचाराले पाह्यजे होतं."

त्यानं रुमाल सोडून शिरणी त्यांच्या हातावर ठेवली. वामनरावांनी ती तोंडात घातली. गोड होती, पण घास काही केल्या उतरेना.

 चाचा काळजीनं म्हणाला, "पानी आनू का?"