तीन नावांचं घर

सूनबाईने दुसरं लग्न करायचं ठरवलं, तेव्हा ते सगळ्यात आधी सासूबाईंना कळलं आणि धक्काही सगळ्यात कमी त्यांनाच बसला. मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. संध्याकाळी ती दमून यायची, पण हल्ली दमलेली असूनही गुणगुणत यायची. सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. त्यांच्या नजरेतून दोरा सुटला नव्हता, मग हे कसं सुटणार?

माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. चाळिशीचा, कमी बोलणारा, भाड्याच्या एका खोलीत राहणारा. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि थेट मुद्द्यावर आल्या.

“लग्नानंतर राहणार कुठे?”

मेकॅनिकने सुनेकडे बघितलं. सुनेने कपात बघितलं.

“बरं, मीच सांगते,” सासूबाई म्हणाल्या. “इथे तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. त्याचा फोटो, त्याचं कपाट, सगळं इथेच आहे. आणि तुम्ही दोघं गेलात तर तीन खोल्यांत मी एकटी काय करू? हे घर विकू या. तिघांना पुरेल असं दुसरं घेऊ.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोक येणार आहेत का राहायला?”

मेकॅनिकने कप खाली ठेवला. “काकू, माझी हरकत नाही. फक्त एक अडचण आहे. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मला अवेळी फोन येतात, तसंच उठून जावं लागतं. तुमची झोपमोड होईल.”

“मग माझं दार वेगळं असेल असं घर बघा,” सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपवला.

दलालाने येऊन घर पाहिलं आणि किंमत सांगितली. सासूबाई खूश झाल्या. त्यांच्या डोक्यातला हिशोब सरळ होता: इकडून येतील तेवढे तिकडे द्यायचे. सुनेला मात्र शंका आली. तिच्या दुकानात चष्मा करायला येणाऱ्या एक वकीलबाई होत्या. एका रविवारी ती सासूबाईंना त्यांच्याकडे घेऊन गेली.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं. विकताना दलाली, सोसायटीला हस्तांतराची रक्कम, आणि नफ्यावर कर लागला तर तो. घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, पुन्हा दलाली, कागद तपासायची फी, कर्ज काढलं तर बँकेचा खर्च. शिवाय सामान हलवणं आणि रंगरंगोटी.

“म्हणजे मी एका घरातून निघून दुसऱ्या घरात जाणार आणि वाटेत सगळे हात पसरून उभे,” सासूबाई म्हणाल्या.

“त्यात मीही आलेच,” वकीलबाई हसल्या.

सासूबाईंनी बोटांनी पदराची शिवण चाचपली. मग म्हणाल्या, “कपडा बेतताना आम्ही शिवणीत माया, म्हणजे थोडं जास्तीचं कापड, ठेवतो. मापाएवढंच कापड कापलं तर शिवून झाल्यावर कपडा अंगात जात नाही. तसंच म्हणायचं तर हे.”

“अगदी तसंच. हाती येईल त्यातला साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवा आणि मग घर शोधा.”

शोध सुरू झाला. पहिला पाहिला तो उंच इमारतीतला नवा कोरा फ्लॅट. मेकॅनिक आधी गच्चीवर जाऊन लिफ्टचं यंत्र बघून आला आणि बरं आहे म्हणाला. सासूबाईंनी पिशवीतून मापाची पट्टी काढली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खोलीमागून खोली, मापं घेतली. जाहिरातीतल्या आकड्याशी ती काही जुळेनात.

“त्यात जिना, लॉबी, लिफ्टसमोरची जागा, सगळं धरलंय,” दलाल म्हणाला. “सगळीकडे असंच असतं.”

“जिन्यात झोपायचं कोणी?” सासूबाईंनी विचारलं. दरमहा देखभालीचा खर्चही वेगळाच होता. ते घर बाद झालं.

दुसरं घर सुनेच्या मनात भरलं. गावाबाहेरचं बैठं घर, समोर व्हरांडा, मागे लिंबाचं झाड. किंमतही आश्चर्य वाटावं इतकी कमी. ती व्हरांड्याच्या कठड्यावर टेकून उभी राहिली आणि तिने कुंड्या कुठे ठेवायच्या तेही ठरवून टाकलं. पण वकीलबाईंनी कागद मागवले तेव्हा खरं कारण कळलं. जमीन घरमालकाची नव्हतीच. ती भाडेपट्ट्याने घेतलेली होती आणि पट्ट्याची मुदत संपत आली होती.

“घर तुमचं, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची,” वकीलबाई म्हणाल्या. “मुदत संपली की तो म्हणेल ती पूर्व दिशा. बँकसुद्धा यावर कर्ज देताना दहा वेळा विचार करेल.”

सून घरी आली ती तोंड पाडूनच. मेकॅनिकने समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी तो दोन रिकाम्या कुंड्या घेऊन आला, त्या दारात ठेवल्या आणि म्हणाला, “कुंड्या कुठेही नेता येतात.” ती हसली नाही, पण संध्याकाळी तिने त्यांत माती भरली.

तिसरं होतं रो-हाऊस. जुन्या ओळीतलं टोकाचं. एक भिंत शेजाऱ्याला लागून, दुसऱ्या बाजूला गल्ली. पूर्वी तिथे दातांचे डॉक्टर राहायचे. पुढची खोली त्यांचा दवाखाना, म्हणून तिला गल्लीत उघडणारं वेगळं दार. मागच्या भिंतीला ओल आली होती. मेकॅनिक टाकीपासून खाली पाइप चाचपत आला आणि त्याने गळती कुठे आहे ते दाखवलं. त्या ओलीच्या जोरावर सासूबाईंनी किंमत अशी खाली आणली, की मालक शेवटी म्हणाला, “बाई, आता आणखी ओढलंत तर मलाच भाड्याने राहावं लागेल.” जमीन घराबरोबर मिळणार होती. कागद स्वच्छ होते.

पण आधी जुनं घर विकायचं होतं आणि ते सासूबाई आणि त्यांचा मुलगा अशा दोघांच्या नावावर होतं. त्याचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं. काढवतच नव्हतं.

“त्याच्या वाट्याच्या वारस तुम्ही दोघी,” वकीलबाईंनी कागद पुढे केले.

सून म्हणाली, “मला माझा हक्क सोडायचाय. सगळं आईंच्या नावावर करा.”

“पुन्हा लग्न केलं म्हणून वाटा जात नाही बरं का. तो कधीच तुमचा झालाय.”

“ते कळलं मला. पण मनाला पटत नाही. मी दुसऱ्याच्या घरी निघाले आणि...”

“कुठे निघालीस?” सासूबाईंनी मध्येच विचारलं. “माझ्याबरोबरच येते आहेस ना?”

सुनेने हातातलं पेन खाली ठेवलं.

“तो गेला तेव्हा मीच तुला माहेरी जा म्हणाले होते. तू गेली नाहीस. मला नुसता ताप आला तरी दुकान सोडून धावत यायचीस. त्याचा मोबदला म्हणून नाही देत मी काही. हा त्याचा वाटा तुझ्यासाठीच होता. सही कर, पण हक्क सोडायची नाही, घ्यायची.”

सुनेने सही केली. तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती, म्हणून जरा तिरकीच झाली. नंतर सासूबाईंनी हळूच विचारलं, “त्याचं नाव काढताना वर रेघ मारतात का?” वकीलबाई म्हणाल्या, “नाही, पुढे नुसती नोंद करतात.” सासूबाईंनी मान हलवली. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

लग्न साधेपणाने नोंदवून झालं. जुनं घर दोन परिचारिका बहिणींनी घेतलं. रो-हाऊसच्या खरेदीत सासूबाईंचा, सुनेचा आणि मेकॅनिकच्या शिलकीचा वाटा एकत्र आला आणि उरलेल्यासाठी छोटं कर्ज काढलं. घर तिघांच्या नावावर झालं. दलाल माहिती भरून घेताना अडला.

“या तुमच्या कोण?” त्याने मेकॅनिकला विचारलं.

“बायकोची सासू.”

“म्हणजे तुमची आई?”

“नाही.”

दलालाने पेन हवेतच धरलं. सासूबाई म्हणाल्या, “लिहा, एकाच घरात राहतात.”

सामान हलवायच्या दिवशी मेकॅनिकने भिंतीवरचा फोटो स्वतः काढला, काच पुसली आणि टॉवेलमध्ये गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिला. त्या तो मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसल्या.

नव्या घरातली पहिली सकाळ. सून अजून खोकी उघडत होती आणि मेकॅनिक पाइपखाली आडवा पडला होता. सासूबाई शिवणयंत्र कुठल्या उजेडात ठेवावं ते बघत शेजाऱ्याला लागून असलेल्या भिंतीशी उभ्या होत्या. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी जोरात शिंकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

“गरम पाणी घ्या,” सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

पलीकडे एक खुर्ची सरकली. मग एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, “ठेवलंय तापत.”

सासूबाईंनी यंत्र त्याच भिंतीला लावून ठेवलं.